एकोडीच्या बांधीतली सावली

भंडारा जिल्ह्यात जाऊन आले असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, "वाघ दिसला का?" नागझिऱ्याचं जंगल साकोलीपासून जवळ, हे मलाही ठाऊक होतं. पण मी वाघ तर सोडाच, हरणाचं शेपूटसुद्धा पाहिलं नाही. चार दिवस मी चिखल पाहिला. माझ्या फोनमध्ये त्या प्रवासाचे सत्तर फोटो आहेत आणि त्यातले साठ पाण्यावर पडलेल्या सावल्यांचे आहेत. शेजारच्या काकूंनी ते पाहिले आणि काळजीच्या सुरात विचारलं, "तब्येत बरी आहे ना गं तुझी?"

बरी नव्हतीच. का नव्हती ते सांगते.

मी सांगलीत राहते आणि लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. तीस वर्षं हेच करते आहे. गेल्या वर्षी पुण्याच्या एका प्रकाशनाकडून धानाच्या मुलखातल्या एका मुलीच्या गोष्टीचं काम आलं. पुस्तकाच्या मधोमध दोन पानं मिळून एक मोठं चित्र होतं: मुलीची आई इतर बायांबरोबर रोवणी करते आहे, म्हणजे भाताची रोपं लावते आहे. मी फोटो पाहून ते काढलं. समोर मोठा सूर्य, चमचमणारं पाणी, वाकलेल्या बाया आणि त्यांच्या निळ्याकाळ्या लांब सावल्या. मला ते फार आवडलं होतं. आपल्याला फार आवडलेल्या चित्राकडे जरा संशयाने पाहावं, हे एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

संपादक शुभांगी हिची एक चांगली सवय आहे. पुस्तक छापण्याआधी ती त्याची कच्ची प्रत त्याच मुलखातल्या एखाद्या शाळेत पाठवते. एकोडीच्या बाजूच्या शाळेतल्या कल्पना मेश्राम या शिक्षिकेने ती चौथीच्या वर्गात वाचून दाखवली आणि मुलं काय म्हणाली ते प्रामाणिकपणे लिहून पाठवलं. गोष्ट आवडली. बैल आवडले. मधल्या चित्राबद्दल एका मुलीने म्हटलं होतं, "माझी आई अशी उभी राहत नाही. या बाया आंधळ्या होतील."

शुभांगीने हे मला फोनवर हसत हसत वाचून दाखवलं. मला घाम फुटला.

कारण नोव्हेंबरात माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. डाव्यात आहे, पण तो अजून पिकायचा आहे. तेव्हापासून माझे दोन डोळे मला दोन वेगळी जगं दाखवतात. उजव्याने पाहिलं तर पांढरा कागद निळसर दिसतो, डाव्याने पाहिलं तर त्याच कागदावर कोणीतरी कोरा चहा सांडल्यासारखं वाटतं. खरा कागद कुठला, मला सांगता येईना. घरच्यांशिवाय हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. चित्रकाराचा डोळा बिघडला ही बातमी फार जोरात धावते आणि मग कामं यायची थांबतात. आणि आता नऊ वर्षांची एक मुलगी न पाहता माझ्या दुखऱ्या जागी बोट ठेवून मोकळी झाली होती.

"शुक्रवारी छपाईला द्यायचंय," शुभांगी म्हणाली. "गुरुवारपर्यंत नवं चित्र जमलं तर ठीक. नाहीतर तिथं मी फोटो टाकते. आणि पुढच्या दोन पुस्तकांचं मग बघू."

"मग बघू" या दोन शब्दांचा अर्थ आमच्या धंद्यात सगळ्यांना कळतो. मी पिशवी भरली.

साकोली, सोमवार

सोमवारी दुपारी नागपूरहून आलेल्या बसमधून साकोलीला उतरले. हायवेच्या दोन्ही बाजूंनी पसरलेलं गाव, दुकानांच्या पाट्या, ट्रक, चहाच्या टपऱ्या. जानेवारीचा शेवट होता. ऊन लखलखीत, पण सावलीत पाऊल टाकलं की अंगावर काटा. आमच्याकडे ऊन आणि सावली यांच्यात एवढं वैर नसतं. मी तिथंच, बसस्टँडवर, एक डोळा मिटून शेडची सावली पाहिली, मग दुसरा मिटून पाहिली. एकाने जांभळी, एकाने तपकिरी. बाजूच्या बाकावरचा माणूस उठून दुसऱ्या बाकावर गेला.

कल्पनाताई स्कूटी घेऊन न्यायला आल्या होत्या. चाळिशीच्या, चष्मा लावलेल्या, बोलायला मोकळ्या.

"जयभीम मॅडम! तुमी खरंच आल्या? मले वाटलं, फोनवरच विचारून घेतीन."

मी म्हटलं, "फोनवर ऊन दिसत नाही."

"अना त्या पोरीच्या बोलण्याचं मनावर नोका घेऊ हं. मी लिहून टाकलं, मंग दिवसभर डोक्यात येऊन राहिलं, का बाईले वाईट वाटलं असन."

मी लॉजवर राहणार होते, पण त्यांनी माझं काही ऐकलं नाही. एकोडीला त्यांच्या आईचं घर होतं, तिथंच नेलं. ही आई म्हणजे शेवंताबाई, पासष्टीच्या, काटक, सुरकुतलेला चेहरा आणि टवटवीत आवाज. त्या अजून रोवणीला जातात आणि गावातल्या दहा-बारा बायांच्या टोळीच्या त्या पुढारी. घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली टीव्ही, टीव्हीवर विणलेला रुमाल. मागच्या वाडीत वालाचा मांडव होता. शेवंताबाई म्हणाल्या, "आज पोपटाची भाजी केली," आणि माझा चेहरा पाहून मायलेकी पोट धरून हसल्या. या भागात वालाच्या शेंगांना पोपट म्हणतात.

जेवणात लाखोळीची डाळ, झिंग्याची चटणी, पोपट आणि भात. आमच्याकडे भात म्हणजे भाकरी संपल्यावरचा शेवटचा घास. इथं आधी भात, मधे भात, शेवटी भात, आणि पाहुणीने नको म्हटलं तर आणखी एक भात. जेवण उत्तम होतं. पण मी घास मोजत बसले होते, कारण माझ्या डोक्यात गुरुवार होता.

बांधीवर, मंगळवार

सकाळी सातला निघालो. धुकं होतं. उन्हाळी धानाची रोवणी चालू होती. पावसाळी धान केव्हाच कापून झालेलं, कुठंकुठं त्याचे पुंजणे, म्हणजे रचून ठेवलेले ढीग, अजून मळणीची वाट पाहत उभे. तलावाचं पाणी ज्यांच्यापर्यंत पोचतं ते दुसऱ्यांदा धान लावतात. बांधी म्हणजे धुऱ्यांनी, म्हणजे बांधांनी वेढलेला शेताचा तुकडा. आदल्या दिवशी ट्रॅक्टरने चिखलणी झालेली, रात्रीतून गाळ खाली बसलेला आणि वर घोट्याएवढं निवळ पाणी. नऊच्या सुमाराला धुकं विरलं आणि एकदम सगळीकडे उजेडच उजेड झाला. आभाळ वर आणि आभाळ खाली. मी धुऱ्यावर उभी राहून डोळे चोळत होते आणि मनात म्हणत होते, बाई, हे तुला जमणार नाही.

बाया चिखलात उतरायच्या आधी मी पिशवीतून कच्ची प्रत काढली आणि मधलं पान उघडलं. सगळ्या भोवती जमल्या.  एकीने तोंडाला पदर लावला.

शेवंताबाईंनी पुस्तक हातात घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं. "हा सूर्य तोंडासमोर काहून ठेवला जी? डोळे फुटतीन ना बायांचे."

"मग सूर्य कुठं असतो?"

"सूर्य त्याच्या जागी राहते. आमी फिरतो." त्यांनी उगवतीकडे पाठ केली आणि वाकून दाखवलं. "सकाळी उगवतीले पाठ. जेवण झालं का मंग मावळतीले पाठ. ऊन पाठीवर पाह्यजे."

"पाठ भाजत नाही?"

"भाजते. पण हाताखाली सावली पडते."

मी वहीत लिहून घेतलं: ऊन पाठीवर. एवढं तर सोपं होतं. सूर्य मागे न्यायचा, सावल्या पुढे आणायच्या, झालं. मी धुऱ्यावर बसून भराभर रेखाटायला लागले. बाया ओळीने उभ्या राहिल्या, पश्चिमेकडे तोंड करून, आणि एक एक पाऊल मागे सरकत रोपं लावू लागल्या. डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची पेंढी, उजव्या हाताची तीन बोटं पाण्यात, वर, परत पाण्यात. तासाभरात माझी पाच रेखाटनं झाली. पाचही खोटी.

काय खोटं आहे ते मला कळत नव्हतं, हे सगळ्यात वाईट. दिशा बरोबर होत्या, लांबी बरोबर होती. पण माझ्या सावल्या पाण्यावर गोधडी टाकल्यासारख्या पडल्या होत्या. मी उजवा डोळा मिटला, डावा मिटला. मला वाटलं, झालं, डोळाच गेला. तीस वर्षं जे न विचारता जमत होतं ते आता विचारूनही जमत नाही. 

शेवंताबाई सरकत सरकत माझ्या धुऱ्यापर्यंत आल्या होत्या. त्यांनी मान वळवून पाहिलं.

"काहून थांबल्या?"

"सावली जमत नाही, शेवंताबाई. काळी धोंड होते नुसती."

"धुऱ्यावरून का दिसन तुमाले? या ना खाली."

मी चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि एक पाऊल टाकलं. दुसरं टाकायच्या आत बसले. बसले म्हणजे पार कमरेपर्यंत, पिशवीसकट. कच्ची प्रत पाण्यात आणि माझा सूर्य चिखलात. बांधीभर जे हसू उठलं ते बहुतेक साकोलीपर्यंत ऐकू गेलं असेल. एकीने मला काखेत हात घालून उभं केलं. शेवंताबाई म्हणाल्या, "घाबरता कायले? चिखल का खाते का तुमाले?"

मग त्यांनी माझ्या हातात पाच-सहा रोपं दिली. उन्हाकडे पाठ करून मला त्यांच्या शेजारी वाकवलं.

"आता पाय. सावलीत पाय."

पाय म्हणजे पाहा, हे मला जरा उशिरा कळलं. मी पाहिलं. माझ्या सावलीच्या बाहेर पाणी नुसतं चकाकत होतं, तिथं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आणि जिथं माझी सावली पडली होती तिथं पाणी उघडलं होतं. तळाचा चिखल दिसत होता, रोपांची पांढरी मुळं, माझी बोटं, एक इवलासा गोगलगाईचा शंख, आणि मी आत्ताच उचललेल्या पावलाचा खड्डा.

"दिसला गड्डा?" शेवंताबाईंनी विचारलं. "त्याच्यात परा नाही लावायचा. पोकळ राहते ना ते. गड्ड्यात लावला का वर तरंगते, उद्या सगळा वाहून जाते. गड्डा चुकवून बाजूनं लावायचा. म्हणून सावली पाह्यजे. उन्हात तं काईच दिसत नाही, नुसतं चमकते."

मी वाकलेलीच राहिले. आयुष्यभर मी शिकले आणि शिकवलंही, की उजेडात तपशील असतो आणि सावलीत तो बुडतो. सावली म्हटली की ब्रश निळ्याकाळ्यात बुडवायचा. इथं बारा बाया आपापल्या सावलीत बघून काम करत होत्या. उजेड त्यांच्या उपयोगाचा नव्हता. आणि चेहरे! ऊन पाठीवर असल्यामुळे ते काळे पडायला हवे होते, पण पाण्याचा उजेड खालून हनुवटीवर, नाकाखाली, भुवयांखाली आला होता. धुऱ्यावर बसून यातलं काहीही दिसलं नसतं.

त्या दिवशी मी दीड ओळ रोपं लावली. शेवंताबाईंनी ती मागाहून बहुतेक सगळी उपटून पुन्हा लावली, हे मी पाहिलं नाही असं दाखवलं.

कागद, बुधवार

माझ्याकडे चांगल्या जाड कागदाचे दोनच ताव होते. तिसरा मंगळवारी पिशवीतच भिजून गेला. बुधवारी सकाळी शेवंताबाईंच्या अंगणात खाट टाकून, तिच्यावर पाट ठेवून मी बसले. चित्र आता धुऱ्यावरून नव्हतं. मुलगी आईच्या शेजारी वाकली आहे एवढ्या उंचीवरून होतं. रेषा सरसर उतरल्या. अकरापर्यंत मी चक्क गुणगुणत होते.

मग रंग आले, आणि गुणगुणणं थांबलं.

सावलीतला चिखल. उजव्या डोळ्याने तो करडा-निळा दिसायचा, म्हणून मी तसा लावला. डाव्याने पाहिलं तर कागदावर जखमेसारखं काहीतरी दिसलं. मग त्यावर थोडा तपकिरी चढवला. आता उजव्याला तो गंजलेल्या पत्र्यासारखा. पुन्हा पुसला, पुन्हा लावला. चौथ्या वेळी कागदाची साल निघाली. जलरंगात एकदा कागदाची साल निघाली की खेळ संपला. दुपारचे दोन वाजले होते आणि एकच ताव उरला होता. मला रडू येत होतं, पण परक्याच्या अंगणात छप्पन्न वर्षांच्या बाईने रडायचं कसं?

शेवंताबाई त्या दिवशी लवकर परतल्या. एका बांधीचं पाणी आटलं होतं म्हणून काम थांबलं होतं. अंगणात पाय धुता धुता त्यांनी मला एक डोळा तळव्याने झाकून कागदाकडे बघताना पाहिलं.

"डोळ्यात का गेलं?"

मी "काही नाही" म्हणणार होते. तोंडातून वेगळंच निघालं. सगळं सांगितलं: नोव्हेंबर, दोन डोळे, दोन रंग, शुभांगी, गुरुवार, पुढची पुस्तकं. घराबाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच. शेवंताबाईंनी पदराने हात पुसले आणि माझ्यासमोर मातीत फतकल मारून बसल्या.

"माया बी एका डोळ्याचं आपरेशन झालं. शिबिरात. दिवाळीच्या आंधी." त्यांनी डाव्या डोळ्याकडे बोट केलं. "यानं निळं दिसते. त्यानं पिवळं. पह्यले मले वाटलं, डाक्टरनं दुसऱ्याचाच डोळा बसवला."

मी हसले. हसताना डोळ्यांतून पाणी आलं, ते तसंच वाहू दिलं.

"मग तुम्ही काय केलं?"

"का करायचं? मॅचिंगच्या दुकानात गेली का फजिती होये. निळा म्हणून आणावं अना घरी येऊन पोरगी म्हणे, आई, हा तं हिरवा आहे. मंग मी लुगडंच संगं नेऊन राहिली. कापड लुगड्यावर ठेवते. जुळलं तं जुळलं. डावा डोळा असो का उजवा, दोन्ही कापडं एकाच डोळ्यानं पाहते ना मी." त्यांनी माझ्या फाटक्या कागदाकडे पाहिलं. "तुमी चिखल तिकडं बांधीत पाहता, अना रंग इकडं खाटेवर लावता. मंग कसं जुळन?"

 चाळीस वर्षं मी स्वतः ब्लाऊजचं कापड साडीवर ठेवूनच घेते आहे. डोळा कितीही खोटं बोलला तरी शेजारी ठेवलेल्या दोन्ही वस्तूंबद्दल तो सारखंच खोटं बोलणार, एवढी साधी गोष्ट! माझ्या कलाशिक्षणात ही अक्कल कुठं गेली होती कोण जाणे.

त्या उठल्या आणि स्टीलच्या वाटीत बांधीतला चिखल पाण्यासकट घेऊन आल्या. मी वाटी उन्हात ठेवली आणि तिच्या अर्ध्या भागावर हाताची सावली धरली. फाटलेल्या तावाच्या पट्ट्या कापल्या. प्रत्येक पट्टीवर रंग लावायचा, वाळू द्यायचा, वाटीच्या काठाशी आणायचा. आधी उजवा डोळा, मग डावा. दोघांनीही "जुळलं" म्हटलं तरच पुढे. अकरा पट्ट्या फुकट गेल्या. बारावी काठाशी आणली आणि पट्टी कुठं संपते, चिखल कुठं सुरू होतो ते कळेना. उजव्याने कळेना, डाव्याने कळेना. तो रंग निळा नव्हता, काळा तर नव्हताच. ओल्या मातीत जरासं आभाळ कालवल्यासारखा होता.

मग शेवटचा ताव पाटावर घेतला आणि रेषा पुन्हा उतरवल्या. हा बिघडला असता तर दुसरा साकोलीत मिळाला नसता. उन्हातलं पाणी मी जवळजवळ कोरं सोडलं. सगळा तपशील सावलीत घातला: बोटं, मुळं, पावलाचा खड्डा. ऊन भिंतीवर चढेपर्यंत काम चाललं. कल्पनाताई शाळेतून आल्या, त्यांनी चहा आणून ठेवला आणि एक शब्द न बोलता आत गेल्या. शिक्षिकेला एवढा वेळ गप्प राहता येतं हे पाहून मला त्यांचा फार आदर वाटला.

परत बांधीवर, गुरुवार

सकाळी चित्र पाटाला चिकटवून बांधीवर नेलं. या वेळी मी धुऱ्यावर घट्ट बसले. बाया जमल्या.

कोणी वाहवा केली नाही. त्यांच्यात भांडण लागलं.

"ही वाकली ते शेवंता आहे."

"मी कोठं एवढी वाकते?"

"पाय ना बापा, गड्डा चुकवून राहिली."

"पेंढी डाव्या हातात बरोबर हाय. पण एवढी मोठी पेंढी कोण धरते? हात दुखन ना."

पेंढी मी तिथंच लहान केली. सूर्य, डोळे, सावली याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. जाताना शेवंताबाईंनी पिशवीत तांदळाची पुरचुंडी कोंबली आणि "पुढच्या बारीले रोवणी शिकून या" म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडले. त्यांना ते आवडलं नाही, त्यांनी मला उठवून मिठी मारली, चिखलाच्या हातांनी.

चित्राचा फोटो शुभांगीला पाठवला होता. साकोलीच्या बसस्टँडवर नागपूरच्या बसची वाट पाहत असताना तिचा फोन आला.

"सुंदर झालंय," ती म्हणाली. चित्रकाराने या शब्दानंतरचा "पण" ऐकायला कान टवकारून ठेवायचे असतात. "पण सावली फार उघडी पडलीय गं. आत बोटं, मुळं, सगळं दिसतंय. आणि उन्हातलं पाणी कोरं. उलटं झाल्यासारखं वाटतं. सावलीवर एक हात निळा फिरव ना. तुझ्या नेहमीसारखा."

माझ्या जिभेवर "हो" आलं होतं. तीस वर्षांत संपादकाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. रंगाची पेटी पिशवीत होती, बसमध्ये बसायच्या आधी पाच मिनिटांत तो हात फिरवता आला असता. 

"नाही फिरवणार," मी म्हटलं.

"काय?"

"पाण्यावरच्या सावलीत दिसतं. उन्हात दिसत नाही. मी वाकून पाहिलंय."

"नक्की?"

आता मात्र लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "शुभांगी, नोव्हेंबरात माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डाव्यात अजून आहे. दोन्ही डोळ्यांनी मला वेगवेगळे रंग दिसतात."



"हे तू मला आत्ता सांगतेस?"

"काम जाईल म्हणून आधी नाही सांगितलं."

"मग आता का सांगितलंस?"

"तू नक्की का म्हणून विचारलंस. नक्की म्हणायचं तर सगळं सांगून म्हणायला पाहिजे."

तिने सुस्कारा सोडला. "मूळ चित्र घेऊन उद्या थेट पुण्याला ये. फोटोवर मी ठरवणार नाही." आणि फोन ठेवला. नागपूरची बस लागली. ती कोणत्या रंगाची होती ते मी पाहिलं नाही.

रात्रभराचा प्रवास कसा झाला ते विचारू नका. शुक्रवारी सकाळी मी पाट छातीशी धरून तिच्या कार्यालयाचा जिना चढले. तिने चित्र खिडकीशी उभं केलं आणि हाताची घडी घालून बघत राहिली. मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग ती पुढे झाली, वाकली, अगदी त्या बायांसारखी कमरेत वाकली, आणि तिचं नाक कागदाजवळ गेलं.

"ही बाई बोट बाजूला का नेतेय?" तिने विचारलं. "इथं हा खड्डा आहे तो टाळतेय का?"

मी तिला पावलाच्या खड्ड्याची गोष्ट सांगितली. तिने लक्ष देऊन ऐकली, दोन प्रश्न विचारले, मग गोष्टीच्या मजकुरात त्याबद्दल एक वाक्य घालायला हवं म्हणून लेखिकेला फोन लावला. फोन लागेपर्यंत तिने चित्राच्या मागे पेन्सिलीने पानाचा आकडा घातला.

"डावा डोळा कधी?" तिने फोन कानाला धरूनच विचारलं.

"जूनमध्ये म्हणालेत."

"मग पुढच्या पुस्तकाची चित्रं ऑगस्टपासून धर," ती म्हणाली, आणि तेवढ्यात पलीकडून लेखिकेने फोन उचलला.

मी हळूच दार ओढून घेतलं, जिना उतरले, आणि खाली फुटपाथवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, दोन्ही डोळ्यांनी रडले.